तिथीची पाऊणपट : बाणकोटच्या खाडीपासून जयगडपर्यंत पाच दिवस

मुंबई-पुण्याहून गाडीने गोवा, कारवार आणि त्याही पुढे निघालेली मंडळी कोकण बहुधा एका दमात ओलांडतात. महामार्ग सोडत नाहीत, रात्री सावंतवाडीला पोहोचतात, आणि कोकणात काय पाहिलं विचारलं तर वडापावच्या दोन गाड्या आणि रस्त्याची कामं एवढंच आठवतं. पल्ला आठ-दहा दिवसांचा असेल तर त्यातले पाच दिवस किनाऱ्याला द्यावेत. माणगावला महामार्ग सोडायचा आणि रत्नागिरीजवळ हातखंब्याला पुन्हा धरायचा. महामार्गाने हे अंतर चार-पाच तासांचं आहे. किनाऱ्याने जाताना वाटेत सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री अशा तीन नद्यांच्या खाड्या लागतात, आणि तिन्ही ठिकाणी गाडी फेरीबोटीत चढवावी लागते.

मुक्काम दोनच : आंजर्ल्याला दोन रात्री, गुहागरला दोन रात्री. रोज नवं गाव, रोज बॅगा भरा-उपसा, असं केलं की तो आराम राहत नाही.

किनाऱ्यावरचा दिवस घड्याळापेक्षा पाण्यावर बेतलेला बरा. त्यासाठी जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. तिथीच्या आकड्याला तीनने गुणायचं, चारने भागायचं. दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. सकाळची भरती त्या वेळेला, संध्याकाळची त्यानंतर साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी, आणि दोन्हींच्या मधोमध ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. तो अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे जिथे पाच मिनिटांचा प्रश्न असेल तिथे भरतीचा तक्ताच पाहावा. दिवस आखायला मात्र कालनिर्णय पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप वर येतं आणि खूप खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी.

इथला आराखडा पौषातल्या शुद्ध दशमी ते चतुर्दशीचा धरला आहे. हवा कोरडी, रात्री गार, आंब्याला मोहोर, आणि संध्याकाळी डोक्यावर चंद्र. दुसऱ्या तिथींना निघालात तर गावं हीच ठेवा, क्रम मात्र बदलावा लागेल. वेळासची कासवं हाच मुख्य हेतू असेल तर पौष फार लवकर होतो. ऑलिव्ह रिडले माद्या थंडीत अंडी घालतात आणि पिल्लं बाहेर पडायला पन्नासेक दिवस लागतात, म्हणून तिथला खरा हंगाम फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत.

पहिला दिवस, दशमी : माणगाव – हरिहरेश्वर – आंजर्ले

हा दिवस प्रवासाचाच आहे, त्याला आराम म्हणू नये. मुंबईहून पहाटे साडेपाचला निघालं की सुट्टीची गर्दी टाळून साडेनऊ-दहापर्यंत माणगाव येतं. पुण्याची मंडळी ताम्हिणी घाटाने इथेच उतरतात. माणगावला टाकी पूर्ण भरावी, हवा तपासावी आणि रोख पैसे काढून ठेवावेत. मोबाइलवरून पैसे सगळीकडे घेतात, पण नेमकं खाडीच्या काठी नेटवर्क जातं आणि तिकिटाच्या खिडकीवर मागे रांग लागते.

माणगावहून म्हसळ्यामार्गे हरिहरेश्वर साठ-पासष्ट किलोमीटर. नकाशावरचा आकडा पाहून तासाचा अंदाज बांधू नये. इथून पुढचे पाचही दिवस ताशी पंचवीस-तीस किलोमीटरचाच हिशेब धरायचा, कारण रस्ता एका गाडीचा, वळणं आंधळी, आणि समोरून एसटी आली की आपल्यालाच मागे जावं लागतं. मागे घेताना दरीची बाजू कुणीतरी खाली उतरून पाहिलेली बरी. कडेला वाढलेल्या गवताखाली गटार असतं.

हरिहरेश्वरला आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं, आणि पुन्हा काळभैरवाचं, अशी रीत आहे. खरं पाहण्यासारखी आहे ती देवळामागच्या टेकडीची प्रदक्षिणा. खिंडीतून वर चढायचं, दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या पायऱ्यांनी समुद्राकडे उतरायचं, आणि मग खडपावरून, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवरून, टेकडीला वळसा घालून पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, यायचं. खारं पाणी खडकात मुरतं, सुकतं, मिठाचे स्फटिक फुगतात आणि दगडाचा कण न् कण सुटतो. हजारो वर्षं हे चाललं की कड्याला मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडते. ती इथे अगदी हाताच्या अंतरावर दिसते.

ही वाट फक्त ओहोटीची आहे. दशमीला ओहोटी दीडच्या सुमारास, म्हणजे साडेबारा ते अडीच ही वेळ. पाणी चढायला लागल्यावर तिथे माणसं वाहून गेलेली आहेत, आणि त्यातली बरीच ‘एवढ्यात काही येत नाही’ म्हणून खडकावर उभी राहिलेली होती. लाटा सारख्या नसतात. दहा-बारा लहान लाटांनंतर एखादी मोठी येते आणि ती कोरड्या दिसणाऱ्या खडकावर चढते. दगड काळा आणि ओला दिसला की तिथवर पाणी नुकतंच येऊन गेलंय असं समजावं. शेवाळावर चपला घसरतात, रबरी तळाचे बूट हवेत. उशीर झालाच तर देवदर्शन घेऊन पुढे निघावं, प्रदक्षिणा सोडून द्यावी.

जेवून तीनच्या आसपास सावित्रीच्या, म्हणजेच बाणकोटच्या, खाडीवर बागमांडल्याच्या जेटीवर. पलीकडे वेश्वी, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. फेऱ्या साधारण पाऊण ते एक तासाच्या अंतराने असतात. फेरीबोटीत बहुधा गाडी उलटी चढवायला सांगतात, म्हणजे पलीकडे सरळ उतरता येतं. खलाशी हाताने खुणा करतो तेव्हा मागच्या कॅमेऱ्याकडे बघत बसू नये, त्याच्याकडे बघावं. चढवण्याआधी बाकीच्यांनी खाली उतरावं. गाडी लागली की हँडब्रेक, पहिला गिअर, इंजिन बंद.

वेश्वीहून बाणकोटचा किल्ला जवळ आहे, वेळास त्यापुढे. पण अंधाराआधी आंजर्ले गाठायचं तर दोन्ही सोडावी लागतात. वाटेत केळशीला महालक्ष्मीचं देऊळ आणि तळं. तिथे दहा मिनिटं थांबून पाय मोकळे करावेत. केळशी ते आंजर्ले हा आडे-पाडळ्याचा रस्ता या पाच दिवसांतल्या सर्वांत सुंदर रस्त्यांपैकी आहे आणि मावळतीच्या उन्हात तो पदरात पडतो. चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर मात्र तेच ऊन येतं.

खोली ठरवताना एक प्रश्न जरूर विचारावा : रात्री किती वाजेपर्यंत आलो तर जेवण मिळेल? ही हॉटेलं नव्हेत, घरं आहेत. स्वयंपाक माणसं मोजून होतो. आठनंतर येणार असाल तर दुपारीच फोन करावा. संध्याकाळी फोन लागेल याची खात्री नाही.

दुसरा दिवस, एकादशी : सुवर्णदुर्ग आणि हर्णैचा लिलाव

पश्चिम किनाऱ्यावर सूर्य डोंगरामागून उगवतो. म्हणून सकाळी आठ-साडेआठपर्यंत पुळणीवर माडांची सावली असते. फिरायला यापेक्षा चांगली वेळ नाही, आणि शहरातून आलेली मंडळी नेमकी ती झोपून घालवतात. त्यातही वाईट काही नाही, विश्रांतीलाच आलो आहोत. पण आज किल्ल्याला जायचं आहे, म्हणून साडेसातला चहा.

हर्णै आंजर्ल्याहून सहा-सात किलोमीटर. जोग नदीच्या खाडीवर आता पूल आहे; पूर्वी माणसं होडीतून पलीकडे जात. सुवर्णदुर्ग समुद्रात आहे, आणि त्याच्या समोर किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला असे तीन लहान किल्ले आहेत. कनकदुर्गावर दीपगृह.

किल्ल्याला सकाळीच का जायचं, याचं कारण वारा. रात्रभर गार झालेल्या जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो मंद असतो आणि किनाऱ्याजवळचं पाणी शांत ठेवतो. दहा-अकरानंतर जमीन तापते, समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि पाणी खवळायला लागतं. होडी तीच असते, पण सकाळी पंधरा मिनिटांत कोरडे पोहोचता आणि दुपारी परतताना भिजता. एकादशीला भरती सव्वाआठची, त्यामुळे साडेआठला निघालं की पाणीही भरपूर असतं.

होडीवाल्याशी तीन गोष्टी आधी ठरवाव्यात : पैसे माणशी की होडीचे, किल्ल्यावर किती वेळ थांबणार, आणि परत न्यायला तोच येणार का. लाइफ जॅकेट मागून घ्यावं आणि घालावं. बाकाखाली ठेवलेल्या जॅकेटचा काही उपयोग नाही. किल्ल्यावर उतरायला धक्का नाही, गुडघाभर पाण्यातून जावं लागतं, म्हणून चपला पायात आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत. वर पाणी, सावली, खायला काहीच मिळत नाही. माणशी एक लिटर पाणी न्यावं.

दरवाजा पूर्वेला, जमिनीकडे तोंड करून आहे, आणि तटबंदीच्या वळणात असा लपवलेला की होडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. पायरीवर कासव कोरलेलं आहे आणि डाव्या हाताला तटावर मारुती. आत झाडी माजलेली असते. तटावरून फेरी मारायची तर ठिकठिकाणी दगड सुटलेले आहेत, तेव्हा कडेने चालू नये. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं. १७५५ मध्ये तुळाजी आंग्र्यांकडून ते गेलं, इंग्रज कमोडोर जेम्सच्या तोफांपुढे आणि पेशव्यांच्या संमतीने. आपल्याच आरमाराचा किल्ला पाडायला परक्याची मदत घेतली, ही गोष्ट त्या तटावर उभं राहून आठवली की जरा जास्त लागते.

अकरापर्यंत परत. अंघोळ, जेवण, झोप. आज एकादशी, तेव्हा यजमान आदल्या रात्रीच ‘उपास कुणाकुणाचा?’ असं विचारतील. नसला तरी त्यांच्याकडचे वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी एकदा खाऊन बघायला हरकत नाही. मासे सगळ्याच घरांत शिजत नाहीत. आगरांतली, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागांतली, बरीच घरं पूर्ण शाकाहारी आहेत आणि बाहेरून आणलेले मासेही तिथे चालत नाहीत. हे खोली ठरवतानाच विचारलेलं बरं. नाहीतर दोन किलो सुरमई हातात घेऊन दारात उभं राहायची वेळ येते.

चारला पुन्हा हर्णै. बंदरावर मासळीचा लिलाव सकाळीही होतो, पण संध्याकाळचा मोठा. गाडी बाजाराच्या गल्लीत घालू नये. बर्फाचे आणि मासळीचे टेम्पो त्याच गल्लीने येतात, आणि एकदा अडकलं की लिलाव संपेपर्यंत सुटका नाही. अलीकडेच लावून चालत जावं. होड्या खोल पाण्यात थांबतात, माल लहान होड्यांतून आणि बैलगाड्यांतून किनाऱ्याला येतो. बैल पोटापर्यंत पाण्यात उभे असतात. वाळूवर ढीग पडतात, भोवती व्यापाऱ्यांचं कडं होतं, बोली चढते आणि मिनिटाभरात ढीग विकला जातो. कड्याच्या आत शिरू नये, ढिगाला पाय लावू नये, आणि कुणाच्या तोंडाजवळ कॅमेरा नेऊ नये. तिथे कुणाच्या तरी दिवसभराच्या कमाईचा हिशेब चाललेला असतो.

लिलावात आपण भाग घ्यायचा नसतो, तो टोपल्यांचा व्यवहार आहे. घरापुरतं हवं असेल तर बाजूला बसलेल्या बायकांकडून वाटा घ्यावा. घासाघीस होते, पण लिलाव रंगात असताना भाव उतरत नाही. साडेपाच-सहानंतर उतरतो, तेव्हा निवड कमी असते. ताजेपणा पाहायचा तर कल्ला उचलून बघावा, आत लालभडक हवा. डोळा फुगीर आणि स्वच्छ, आणि अंगठ्याने दाबलेली जागा लगेच वर यायला हवी. पापलेटचा कल्ला दाबला की पांढरट पाणी यावं. लालसर आलं तर ठेवून द्यावं. कोळंबीचं डोकं हलकेच ओढल्यावर सुटून हातात आलं तर ती शिळी. चौघांना एका जेवणाला मध्यम आकाराचे सहा-सात बांगडे पुरतात. सगळेच जण उत्साहात दुप्पट घेतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा या बंदरावर काहीच दिसत नाही.

तिसरा दिवस, द्वादशी : कड्यावरचा गणपती, दाभोळ, फेरीबोट, गुहागर

सकाळी साडेसातला आंजर्ल्याच्या कड्यावरचा गणपती. गाडी मागच्या रस्त्याने वरपर्यंत जाते, पण गावातून जांभ्याच्या पाखाडीने, म्हणजे दगडी पायवाटेने, चढावं. पंधरा-वीस मिनिटं लागतात, दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, आणि वर आंब्या-फणसांची सावली. मूर्ती उजव्या सोंडेची. देवळासमोर तळं आहे, आणि कड्यावरून दक्षिणेला कालचा सुवर्णदुर्ग पाण्यात बसवल्यासारखा दिसतो. इथे पोहोचायची घाई करणारे वरून लगेच उतरतात. अर्धा तास बसावं. माघातल्या गणेश जयंतीला आणि चतुर्थीला मात्र बसायला जागा मिळणार नाही.

दहाला सामान गाडीत. मुरूड वाटेवरच आहे. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं हे गाव; परीक्षेसाठी ते इथून साताऱ्याला पायी गेले होते. मुरूड-कर्द्याच्या किनाऱ्यावर गर्दी, पाण्यातल्या मोटारी, उंट, घोडे सगळं आहे, म्हणूनच मुक्काम आंजर्ल्याला ठेवला.

दापोलीला टाकी पुन्हा भरावी. दापोली ते दाभोळ तीसेक किलोमीटर, तास धरावा. चंडिकादेवीचं देऊळ भुयारी आहे. आत वाकून जायचं, उजेड समईचाच. उन्हातून आल्यावर सुरुवातीला काहीच दिसत नाही. तोंडाशी मिनिटभर थांबलं की डोळे सरावतात. धक्क्याजवळ आदिलशाही काळातली मशीद आहे, मोठा घुमट आणि चार मिनार. एवढ्याशा गावात एवढी मशीद कशी, असं वाटतं, कारण दाभोळ आता एवढंसं आहे. एके काळी इथून अरबस्तानाशी घोड्यांचा आणि कापडाचा व्यापार चाले, आणि १५०८ च्या डिसेंबरअखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने हे भरभराटीचं बंदर जाळलं. दाभोळचा म्हणून गाजलेला वीज प्रकल्प मात्र दाभोळला नाही. तो खाडीपलीकडे अंजनवेलच्या बाजूला आहे.

इथली फेरी दाभोळ-धोपावे. ती चुकली किंवा बंद असली तर चिपळूणला वळसा घालून गुहागर शंभराहून जास्त किलोमीटर पडतं, तेव्हा दापोलीहून निघतानाच फेरी चालू आहे का ते विचारावं. नकाशा-ॲपला बोट चालू-बंद कळत नाही. द्वादशीला ओहोटी सव्वातीनची, म्हणजे एक-दीड वाजता पाणी बरंच उतरलेलं असतं. अशा वेळी बोटीचा फळा आणि धक्क्याचा उतार यांच्यात कोन पडतो. सामानाने आणि माणसांनी भरलेली बुटकी गाडी तिथे पोटाला घासते. माणसं उतरवावीत, पहिल्या गिअरमध्ये अगदी हळू, शक्य तर किंचित तिरकं चढावं. उतारावर गाळ असेल तर मध्ये थांबू नये. थांबलं की चाकं फिरतात.

धोपाव्याहून गुहागर अर्ध्या-पाऊण तासावर. तीनपर्यंत पोहोचलं की दिवस संपला असं समजावं. गुहागरची रचना एकदा समजून घेतली की गाव आवडायला लागतं. समुद्राला समांतर एकच लांब रस्ता, त्याच्या कडेने घरं, घरामागे माड-पोफळींचं आगर आणि आगराच्या टोकाला पुळण. म्हणजे प्रत्येक घराला स्वतःची समुद्रावर जायची वाट. खोली घेताना समुद्र दिसतो का, हे विचारण्यापेक्षा आगरातून वाट आहे का, हे विचारावं.

चौथा दिवस, त्रयोदशी : गुहागर, काहीही न करता

आज गाडीची किल्ली यजमानांच्या खुंटीला.

सकाळी व्याडेश्वर. बऱ्याच कोकणस्थ घराण्यांचं हे कुलदैवत, त्यामुळे अभिषेकाला आलेली कुटुंबं दिसतात. अभिषेक करायचा असेल तर आदल्या संध्याकाळी गुरुजींना सांगून वेळ ठरवावी. तिथून चालत ‘वरचा पाट’ या वस्तीत दुर्गादेवी, शेजारी तळं.

आगर बघायला मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. पोफळीच्या खोडावर मिरीचे वेल चढवलेले असतात, मध्ये जायफळ, खाली केळी. पाणी पाटाने फिरवतात. माडाखाली उभं राहून गप्पा मारू नयेत. पडणारा नारळ आवाज करत येत नाही. शहाळं हवं असेल तर सकाळी सांगून ठेवावं, माडावर चढून नारळ काढणारा पाडेली येईल तेव्हाच ते निघतं. तसंच उकडीच्या मोदकांचं. ते आदल्या दिवशी सांगावे लागतात, कारण नारळ खवणं, पिठी काढणं, उकड मळणं हे सगळं त्या सकाळचं काम आहे. मोजून सांगावं, आणि गरम असतानाच तूप घालून खावेत. गार झाले की पारी चिवट होते.

दुपारी झोप. चारच्या सुमारास ओहोटी, साडेचार ते सहा पुळणीवर. गुहागरचा किनारा पाच-सहा किलोमीटर लांब आहे आणि ओहोटीला ओली वाळू इतकी टणक होते की अनवाणी भराभर चालता येतं. हाच टणकपणा बघून लोक गाडी वाळूत घालतात आणि फसतात. ओल्या वाळूत कणांमधलं पाणी त्यांना धरून ठेवतं. कोरड्या वाळूत धरून ठेवणारं काही नसतं. गाडी ओल्या पट्ट्यावर मजेत धावते, परतताना कोरडा पट्टा ओलांडायचा असतो, तिथे चाक फिरतं, फिरलं की खणतं, आणि चेसिस वाळूवर टेकते. मग ॲक्सिलरेटर जितका दाबाल तितकं आणखी खोल. मागून भरती येतच असते. दुसऱ्या कुणाची अशी फसलेली दिसली तर इंजिन बंद करून चाकांपुढची वाळू हाताने उकरावी, टायरची हवा निम्म्यावर आणावी, चाकांखाली माडाच्या झावळ्या घालाव्यात आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू काढावी. खारं पाणी इंजिनात गेलं असेल तर चालू करायचा प्रयत्नच करू नये.

पाण्यात उतरायचं तर पाणी चढत असताना, गावातली माणसं उतरतात तिथे, आणि कमरेपर्यंतच. पाणी उतरत असताना ओढ बाहेरची असते. दोन लाटांच्या मध्ये एखाद्या जागी लाट फुटत नसेल आणि पाणी गढूळ, सपाट दिसत असेल तर ती जागा शांत म्हणून निवडू नये. परतीचं पाणी तिथूनच समुद्रात जातं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजत न बसता किनाऱ्याला समांतर पोहावं, ओढ सुटली की मग किनाऱ्याकडे यावं. खाडीच्या मुखाशी तर पोहूच नये.

त्रयोदशीला सूर्य मावळताना पाठीमागे माडांच्या वर चंद्र आलेला असतो. विजेरी न घेता परत जाता येतं, फक्त आगराची वाट खूण करून ठेवावी. रात्री सगळ्या वाटा सारख्या दिसतात.

पाचवा दिवस, चतुर्दशी : हेदवीची घळ, तवसाळ, जयगड, हातखंबा

आजची वेळ एकच आणि ती चुकवायची नाही : साडेदहाची भरती, हेदवीला. गुहागरहून हेदवी पंचवीसेक किलोमीटर, रस्ता चढउताराचा. आठला निघालात तर वाटेत वेळणेश्वरला अर्धा तास मिळतो. नऊला निघालात तर वेळणेश्वर सोडून द्यावं.

हेदवीच्या किनाऱ्यावर उमामहेश्वराच्या देवळामागे काळ्या खडकात एक लांब, अरुंद भेग आहे, तिला बामणघळ म्हणतात. भरतीची लाट तिच्या तोंडातून आत शिरते, भेग आत निमुळती होत गेल्याने पाण्याला पसरायला जागा उरत नाही, आणि ते उसळून वर उडतं. ओहोटीला गेलं तर नुसती दगडातली चीर दिसते, आणि ‘यात काय बघायचं’ म्हणत लोक परततात. आज उधाण जवळ आलेलं, म्हणजे उसळी मोठी. पण म्हणूनच घळीच्या काठापासून लांब, कोरड्या खडकावर उभं राहावं. आत वाकून बघू नये. मुलांचा हात धरूनच ठेवावा.

मग टेकडीवरचं दशभुज गणपतीचं देऊळ, आणि तिथून तवसाळ. तवसाळ-जयगड फेरी दहा-पंधरा मिनिटांची, शास्त्री नदीच्या मुखावर, आणि तिन्हींतली सर्वांत मोकळी. पलीकडे जयगड किल्ला धक्क्यापासून जवळच. त्याचा तट आणि खंदक शाबूत आहेत, आतलं फारसं उरलेलं नाही. दुपारच्या उन्हात बुरुजावरून खाडी बघून परतावं. कऱ्हाटेश्वराचं देऊळ कड्याखाली समुद्राला लागून आहे, तिथे खाऱ्या पाण्यापासून काही पावलांवर गोमुखातून गोडं पाणी वाहतं.

जयगडहून मालगुंड. केशवसुतांचा जन्म इथे १८६६ चा. त्यांचं घर जुन्या धाटणीत जपलं आहे आणि शेजारी स्मारक आहे. तिथून गणपतीपुळे दोन-तीन किलोमीटर. दर्शन आणि डोंगराची प्रदक्षिणा धरून तास द्यावा, पाण्यात मात्र उतरू नये. पुळण पाण्याखाली एकदम खोल होते आणि दरवर्षी तिथे बुडण्याच्या घटना घडतात.

पुढे आरे-वारेचा घाटरस्ता. वरच्या वळणावरून दोन पुळणी एकाच नजरेत येतात. तिथे थांबायला कडेला जागा आहे, वळणावरच गाडी उभी करू नये. रात्र होत आली असेल तर हा रस्ता सोडून चाफ्यामार्गे निवळीला महामार्ग गाठावा.

रत्नागिरीत शिरल्यावर आधी गाडी धुऊन घ्यावी, आणि वरून नव्हे तर खालून, गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने. तीन फेऱ्या आणि पाच दिवसांच्या खाऱ्या हवेचं मीठ ब्रेकच्या नळ्यांवर, सायलेन्सरवर आणि दारांच्या खालच्या कडेत बसलेलं असतं. दाराच्या तळाशी पाणी निथळायला बारीक भोकं असतात, ती वाळूने बुजतात. काडीने मोकळी करावीत. धुतल्यावर पहिले दोन-तीन ब्रेक हलके दाबून सुकवावेत. मग हवा, तेल, टाकी. हातखंबा इथून बारा-तेरा किलोमीटर. तिठ्यावर उजवीकडे वळलं की गोव्याचा रस्ता, आणि पुढचा चहा लांज्याला.